शिपाई गावात उतरतो तेव्हा

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुमच्या वर्गाचे पहिले पुस्तक आज पुरे झाले. तुम्हाला आता जोडाक्षरे वाचता येतात. सही करता येते. एसटीची पाटी कुणाला विचारावी लागत नाही. याचा मला फार आनंद वाटतो. अडतीस वर्षे मी हातात खडू धरला. शिक्षण म्हणाल तर जुनी मॅट्रिक. मोठे ज्ञान माझ्याजवळ नाही. पण एक गोष्ट आहे. ती मी बरीच वर्षे मनात ठेवली होती. ती आज सांगतो.

गोष्ट शिपायांची आहे आणि आपली आहे. शिपाई रणात लढतो, ते आपण ऐकतो. त्याचे पोवाडे होतात. पण शिपाई रोज लढत नाही, बरं का. वर्षातले पुष्कळ दिवस तो कुठेतरी मुक्कामाला असतो. तिथे तो जेवतो, झोपतो, चूल पेटवतो. तो मुक्काम आपल्या गावात पडला तर काय होते? याचा विचार आज करू.

कर्णपुऱ्यापासून सुरुवात

नवरात्रात आपण शहरात कर्णपुऱ्याच्या देवीला जातो. नारळ फोडतो, पाळण्यात बसतो, लेकरांना रेवड्या घेतो. पण हे कर्णपुरा नाव कुठून आले?

आपले छत्रपती संभाजीनगर म्हणजे जुने औरंगाबाद. त्याच्याही आधीचे नाव खडकी. मलिक अंबराने १६१० साली खडकीला शहर वसवले. पुढे इथे मोगलांचा अंमल आला. दख्खनच्या मोहिमांसाठी मोगलांचे सरदार इथे येऊन राहू लागले. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा तळ, तो कर्णपुरा. बुंदीच्या भावसिंहाचा भावसिंगपुरा. मिर्झाराजे जयसिंहाचा जयसिंगपुरा. हाच जयसिंह १६६५ साली पुरंदरावर चालून आला होता. पहाडसिंगपुरा, पदमपुरा ही नावेही अशीच सरदारांची. शहराच्या पश्चिमेला आजही छावणी आहे. तिथल्या आठवडी बाजारात तुमच्यापैकी कितीकांनी बैलजोडी विकत घेतली असेल!

आता बघा. सरदार आला की तो काही एकटा येत नसे. त्याच्यामागे घोडी, उंट, बैल, शिपाई, आचारी, मोतद्दार, अशी मोठी रांग असे. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा करणारा. एवढ्या सगळ्यांना रोज दाणा लागे. घोड्यांना वैरण लागे. चुलीला सरपण लागे. हे कुठून येणार? आभाळातून पडणार नाही. ते जवळपासच्या गावांतूनच येणार.

इथे दोनच वाटा असतात. एक वाट बाजाराची. पैसे द्यावे, माल घ्यावा. दुसरी वाट दांडगाईची. हातात भाला आहे म्हणून उचलून न्यावे. शिस्त शिस्त जी म्हणतात, ती कवायतीच्या मैदानावर दिसते खरी. पण तिची खरी परीक्षा कुणब्याच्या दारात होते.

चिपळूणच्या तळावरचे पत्र

आता आपण कोकणात जाऊ. काळ शिवाजी महाराजांचा. त्यांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. ही हकीकत त्याच्याच आगेमागची आहे.

चिपळूणच्या मुलखात महाराजांच्या घोडदळाचा मुक्काम होता. वैशाखाचे दिवस. ऊन रणरणते. पाऊस तोंडावर आलेला. आता लष्कर घाट चढून वर जाण्याची वेळ राहिली नव्हती. पावसाळा तिथेच काढायचा होता. महाराजांनी पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवून ठेवली होती. पण लष्कर तिथे जास्त दिवस राहिले आणि त्यातली बरीच खर्च झाली. मग गडागडांवरून दाणा आणवला आणि कशीबशी बेगमी केली.

अशा वेळी महाराजांनी त्या तळावर एक पत्र पाठवले. पत्र कुणाला? जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना. त्या वेळी पंचवीस स्वारांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे. म्हणजे हे पत्र मोठ्या सेनापतीला नव्हते. जो माणूस रोज शिपायाबरोबर असतो, त्याला होते.

ते पत्र आजही आहे. त्याची भाषा जुनी आहे. मी त्याचा आशय आपल्या बोलीत सांगतो.

महाराज म्हणतात, साठा आहे तोवर तुम्ही मनाला येईल तसा दाणा माराल. साठा संपला की पडत्या पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. ती तुम्हीच मारली, असे होईल. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल. कोणी कुणब्याच्या घरचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजीपाला. जे गरीब कुणबी कसाबसा जीव धरून राहिले आहेत, तेही गाव सोडून जातील. काही उपाशी मरतील. मग त्यांना वाटेल की मोगल आले होते ते परवडले, हे त्याहून वाईट.

बघा मंडळी, राजा आपल्याच सैन्याला हे सांगतो आहे. शत्रूला शिव्या देणे सोपे असते. आपल्या माणसाला आरसा दाखवणे अवघड असते.

लोक नेहमी म्हणतात, महाराजांनी भाजीच्या देठालाही हात लावू दिला नाही. पत्रात अगदी हेच शब्द नाहीत. पण काडीचाही त्रास देऊ नका, हे मात्र त्यात स्पष्ट आहे. आणि नुसते नका म्हणून महाराज थांबले नाहीत. का नको आणि मग काय करायचे, तेही त्यांनी सांगितले.

काय सांगितले? खजिन्यातून तुमचा पगार तुमच्या पदरात घातला आहे. ज्याला जे पाहिजे ते त्याने बाजारात जाऊन विकत घ्यावे. कारकून दाणा मोजून देतील, तेवढाच घ्यावा. त्यांच्याशी हुज्जत घालू नये. कोठारात घुसू नये. कोणाशी भांडणतंटा करू नये.

यातली मेख लक्षात घ्या. आधी पगार, मग हुकूम. उपाशी शिपायाला उपदेश करून उपयोग नसतो. पोट भरलेल्या शिपायालाच, हात लावू नको, असे म्हणता येते. बेगमी हा शिस्तीचा पाया आहे.

उंदराची वात

पत्राचा पुढचा भाग मला फार आवडतो. तिथे महाराज विस्तवाविषयी बोलतात. उन्हाळ्याचे दिवस. घोड्यांसाठी गवताने शाकारलेले खण, म्हणजे छपरे. बाजूला गवताच्या गंजी. कोणी शेकोटी करील. कोणी भलत्याच जागी चूल मांडील. कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. वारा आहे, गवत आहे, याचे भान राहणार नाही. एक खण पेटला की सारे जळतील. मग कुणब्यांची मुंडकी उडवली तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, तेवढ्यानेही घात होईल. म्हणून वडील अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून रोज पाहणी करावी.

मंडळी, तुमच्या घरी वैरणीची गंजी आहे. ती पेटली तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. राज्य उभे करणाऱ्या माणसाच्या डोक्यात मोहिमा असतील, किल्ले असतील. त्याच डोक्यात कोकणातल्या एका तळावरच्या उंदराचीही काळजी होती. कारभार म्हणतात तो हाच.

पत्राच्या शेवटी ताकीद आहे. हे पत्र सर्वांनी नीट ऐकावे. ज्याच्याकडून कसूर होईल, त्याची इज्जत राहणार नाही, रोजगारही राहणार नाही, आणि शिक्षा झाल्याशिवाय तो सुटणार नाही. पत्र ऐकावे, असे लिहिले आहे. कारण त्या काळी वाचता येणारे थोडे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. पण हुकूम कागदावर होता. कोणाला, मला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नव्हते.

कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस. त्याने पुढे राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली. त्यात लष्कराची रीत दिली आहे. पावसाळ्यात लष्कर स्वराज्यात छावणीला येई. दसऱ्याला बाहेर पडे. निघताना प्रत्येकाजवळ काय आहे, याची यादी होई. परत आल्यावर झडती होई. यादीपेक्षा जास्त निघेल त्याचा हिशेब द्यावा लागे. लष्करात बायका, बटकी न्यायला मनाई होती. मोहिमेत गाय धरायला मनाई होती. ही यादीची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

तोच बारगीर, दुसरी कीर्ती

आता एक कडू गोष्ट सांगतो. गोड तेवढे सांगितले तर मी मास्तर कसला?

ज्या स्वाराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, त्याला बारगीर म्हणत. ज्याचा घोडा स्वतःचा, तो शिलेदार. चिपळूणच्या पागेतले स्वार हे असे बारगीर. त्यांनाच ते पत्र गेले.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १७४२ साली, नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज बंगालवर गेली. १७५१ साली तह होईपर्यंत या स्वाऱ्या पुन्हा पुन्हा झाल्या. गावे लुटली गेली, जाळली गेली. शेतकरी आणि विणकर घरदार सोडून पळाले. तिथले लोक मराठी स्वारांना बर्गी म्हणू लागले. बर्गी म्हणजे आपला बारगीरच. बंगालात आजही आई लेकराला झोपवताना जे अंगाईगीत गाते, त्यात बर्गीची भीती घातलेली आहे.

शब्द तोच. घोडा तोच. भाला तोच. भाषाही तीच, आपली. मग फरक कशाने पडला? चिपळूणला वरून पगार होता, मोजून दाणा होता, आणि रोज फिरून बघणारा माणूस होता. बंगालात मोहीम लुटीवरच चालायची होती. आपल्याला हेही खरे सांगितले पाहिजे की महाराजांच्या वेळीही परमुलखातून खंडणी आणि लूट घेतली जाई. तो त्या काळचा धाराच होता. पण तो पैसाही कोणाच्या तरी घरातूनच येतो. आपल्या रयतेपुरती शिस्त ठेवली आणि दुसऱ्याच्या रयतेपुरती सोडली, की हळूहळू ती दोन्हीकडची सुटते. पुढे फौजांच्या मागे पेंढारी फिरू लागले. त्यांना पगारच नसे. लूट हाच त्यांचा पगार. त्यांनी आपला, परका, असा भेद ठेवला नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच झाले, असे नाही. अमेरिकेवर इंग्रजांचे राज्य होते. १७६५ साली इंग्रजांनी कायदा केला, की शिपायांच्या राहण्याची आणि काही सामानाची सोय तिथल्या लोकांनी करावी. लोक चिडले. १७७६ साली त्यांनी स्वातंत्र्य पुकारले. तेव्हा राजाविरुद्ध तक्रारींची यादी केली, त्यात हीही तक्रार होती. पुढे १७९१ साली त्यांनी आपल्या राज्यघटनेत कलमच घातले. शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीवाचून कोणत्याही घरात शिपाई ठेवायचा नाही. म्हणजे बघा, ही बाब किती लोकांच्या जिवाला लागली असेल!

माझी चूक

आता माझी स्वतःची गोष्ट. याला तीसेक वर्षे झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका लहान गावी मी नवा नवा मुख्याध्यापक होतो. चार खोल्यांची शाळा. पुढे मैदान. मैदानात खो-खोचे दोन खांब. ते मी आणि पोरांनी मिळून बाभळीच्या लाकडाचे तासून रोवले होते.

त्या वर्षी आसपास काही तंटा झाला. बंदोबस्ताला एक सशस्त्र तुकडी आली. कोणती, ते सांगत नाही. त्याने काही साधत नाही. तुकडी शाळेत उतरली. मी किल्ल्या दिल्या. तीन दिवस शाळेला सुट्टी झाली.

चौथ्या दिवशी तुकडी गेली. मी खोल्या उघडल्या. दोन बाके नव्हती. त्यांच्या लोखंडी पट्ट्या राखेत पडल्या होत्या. खो-खोचे खांब चुलीत गेले होते. शाळेमागे एक म्हातारी एकटी राही. तिचा नातू आमच्या शाळेत चौथीत होता. सारे गाव तिला आत्या म्हणे. तिच्या दोन कोंबड्या गेल्या होत्या. एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या पेंढ्या अंथरायला नेल्या होत्या.

खरे सांगायचे तर ती पोरेही वाईट नव्हती. कोणाची तरी लेकरेच ती. त्यांच्या शिध्याची गाडी मागे कुठेतरी अडकली होती. दीड दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हते. थंडीचे दिवस. अंथरायला काही नाही. जो माणूस त्यांच्यावर नेमला होता, त्याने सोय केली नाही आणि फिरून पाहिलेही नाही. पत्रात लिहिले होते ते जसेच्या तसे घडले.

पण मी तुम्हाला सांगतो आहे ती चूक त्यांची नव्हे, माझी आहे. जाताना त्यांच्या प्रमुखाने माझ्यापुढे कागद ठेवला. जागा सुस्थितीत परत मिळाली, असे त्यावर लिहिले होते. त्याने विचारले, "काही तक्रार नाही ना, गुरुजी?" मी राख पाहिली होती. तरी मी म्हणालो, "नाही साहेब." आणि सही केली. माझे अक्षर चांगले आहे. त्या दिवशी त्या अक्षराची मला लाज वाटली.

मी आत्याकडे गेलो. म्हणालो, "आत्या, कोंबड्यांचे पैसे मी देतो." तिने घेतले नाहीत. ती म्हणाली, "गुरुजी, रझाकाराच्या टायमाला मी बारा-तेरा वर्साची होते. हत्यारवाले आले की आई मला कणगीत बसवायची. हे तसले नव्हते, मला कळतंय. पण चोर आला असता तर मी बोंब मारली असती. हे तर राखणदार. राखणदाराची बोंब कोणापाशी मारावी?"

मला उत्तर आले नाही.

पुढच्या सोमवारी चौथीचा इतिहासाचा तास होता. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. मी रंगून सांगत होतो. महाराजांचा शिपाई रयतेच्या काडीला हात लावत नसे, असे म्हणालो. आत्याचा नातू उभा राहिला. "गुरुजी, मग आपले खो-खोचे खांब कोणी जाळले?"

वर्ग गप्प झाला. मी खडू खाली ठेवला. म्हणालो, "बाळ, खांब त्यांनी जाळले. पण मी विचारले नाही. सही करून दिली. ते माझे चुकले."

चाळीस पोरांपुढे हे बोलायला मला जड गेले. पण त्यानंतर हलके वाटले.

मग काय केले?

त्या संध्याकाळी पारावर बसून आम्ही अर्ज लिहिला. काय काय गेले, ते एकेक करून मांडले. सरपंचांची सही, माझी सही, आत्याचा अंगठा. अर्ज वर पाठवला. त्याचे उत्तर आले नाही, हेही सांगतो. खांब आम्ही वर्गणीतून पुन्हा केले.

पण एक रीत मी तेव्हापासून लावली. शाळेत कोणीही उतरो, बंदोबस्ताची तुकडी असो की निवडणुकीची पार्टी, मी आधी यादी करी. बाके इतकी. खुर्च्या इतक्या. हंडे, घागरी इतक्या. खो-खोचे खांब दोन. यादीच्या दोन प्रती. येतानाच प्रमुखाची सही. जाताना मोजणी. सभासदाच्या बखरीतली रीत ती हीच.

दोन वर्षांनी पुन्हा एक तुकडी आली. तिचा प्रमुख यादी पाहून हसला. "गुरुजी, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हणालो, "साहेब, विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवतो. पुढे दोघांनाही वाईट वाटायला नको." त्याने सही केली. आपल्या माणसांना उभे करून यादी मोठ्याने वाचून दाखवली. शिधा त्यांनी बरोबर आणला होता. सरपण त्यांनी विकत घेतले. रोज संध्याकाळी तो प्रमुख स्वतः चुली विझल्या का, ते बघून जाई. आत्याकडून अंडी घेतली, ती मोजून आणि पैसे देऊन.

शेवटच्या दिवशी आत्या शाळेत आली. टोपलीत ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. प्रमुखाने खिशात हात घातला. आत्या म्हणाली, "पैसे ठेव बाबा. अंडी इकली होती. भाकर दिलेली हाय."

कायदा काय म्हणतो

आता थोडे कायद्याचे. आपल्या भूसेनेचा कायदा १९५० सालचा आहे. त्याच्या ६४ व्या कलमात एक गोष्ट आहे, ती ऐकण्यासारखी आहे. समजा, तळावर किंवा वाटचालीत असलेल्या तुकडीतल्या कोणी माणसाने कोणाला मारले, छळले, जत्रेत किंवा बाजारात गोंधळ केला, किंवा कोणाच्या जागेत बळाने शिरला. त्याची तक्रार तुकडीच्या प्रमुखाकडे आली. तर त्याने भरपाई करून दिली पाहिजे, किंवा वर कळवले पाहिजे. तसे त्याने केले नाही, तर तो प्रमुखच गुन्हेगार ठरतो. त्याच कलमात देवस्थान विटाळणे आणि कोणाच्या धर्माचा अपमान करणे हाही गुन्हा सांगितला आहे. चिपळूणच्या पत्रात जबाबदारी हवालदार-जुमलेदारांवर टाकली होती. इथेही ती प्रमुखावरच आहे.

सैन्य मोकळ्या रानात सराव करते. त्यासाठी १९३८ सालचा कायदा आहे. सरावाच्या वेळी शेताचे, मालाचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. ती ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल अधिकारी सैन्याबरोबर पाठवावा, असे त्यात म्हटले आहे.

पोलिसांचे खाते वेगळे. त्यांच्याविषयी तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यावी. आत्याने विचारले होते, बोंब कोणापाशी मारावी? तिला त्या दिवशी द्यायचे उत्तर हे होते. मला ते उशिरा सापडले.

तुमच्यासाठी चार गोष्टी

मंडळी, शिपायाला भिऊ नका आणि त्याचा दुस्वासही करू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीकडे भूकंप झाला. आपल्या मराठवाड्यातली गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा लष्कराचे जवान धावून आले होते. त्यांनी दगडमातीतून माणसे काढली, प्रेते काढली. असा शिपाई गावात उतरला तर त्याला पाणी द्या, सावली द्या. तो आपलाच मुलगा आहे. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा आज सीमेवर असेल. तोही कोणाच्या तरी गावात उतरत असेल. तिथल्या म्हातारीने त्याला काय म्हणावे, असे तुम्हाला वाटते? त्याला पत्र लिहाल तेव्हा हे विचारा. आता तुम्हाला पत्र लिहिता येते.

पण पाहुणचार वेगळा आणि धाक वेगळा. तो फरक पुसू देऊ नका. गावची वस्तू कोणाला वापरायला द्याल, तेव्हा आधी मोजा. मोजले की लिहा. लिहिले की सही घ्या. आणि स्वतः सही कराल, तेव्हा कागद वाचल्याशिवाय करू नका. कागदावर खोटे लिहिले असेल तर सही करू नका.

मी मॅट्रिक होतो. मला वाचता येत होते. तरी त्या दिवशी मी खोट्यावर सही केली. नुसते अक्षर आले म्हणजे झाले नाही. त्याला थोडी छाती लागते. तुम्ही या वयात, दिवसभर रानात राबून, रात्री दिव्याखाली बसून अक्षर शिकलात. ती छाती तुमच्याजवळ आहे, हे मला दिसते आहे.

आत्या आता नाही. तिचा नातू मोठा झाला. तोही गणवेश घालतो. कुठे आहे, ते सांगत नाही. मागे दिवाळीत घरी आला होता. म्हणाला, "गुरुजी, आम्ही एका शाळेत उतरलो होतो. तिथे आधी यादी मी केली. तिथल्या मास्तरांना सुचली नव्हती."

मी त्याला विचारले, "खांब होते का रे तिथे?"

तो हसला. म्हणाला, "होते, गुरुजी. दोन. निघालो तेव्हाही दोनच होते."